जपून!

मराठीतला ‘बिऱ्हाड’ हा शब्द फार सोयीचा आहे. राहती जागा, त्या जागेतली माणसं आणि त्या माणसांचं सामान, या तिन्हींना तो एकटा पुरतो. ‘साखर पेठेत बिऱ्हाड केलं’ म्हणताना जागा घेतलेली असते, ‘बिऱ्हाड हलवलं’ म्हणताना सामान हललेलं असतं, आणि ‘वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर नवरा, बायको आणि रडणारं मूल येतं. फिरतीच्या नोकरीतल्या माणसाला आपण विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं म्हणतो. म्हणीतल्या विंचवाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्याचं बिऱ्हाड जिच्यावर असतं ती पाठ त्याची स्वतःची असते. आमचं बिऱ्हाड सोलापुरातल्या पेठेतून जुळे सोलापुरात गेलं ते पाच माणसांच्या पाठींवरून, आणि त्या पाचांत आमच्या घरचं कुणी नव्हतं.

यात विशेष काही नाही, सगळ्यांचंच असं होतं. पण सगळ्यांचंच होतं म्हणून प्रश्न मिटत नाही. माझी एखाद्या वस्तूवर माया आहे, ती वस्तू जड आहे, आणि ती मला नव्या घरात हवी आहे. त्या मायेचं वजन दुसऱ्या कुणी उचलायचं आहे. ते त्याच्यावर टाकायचा अधिकार मला कुठून मिळतो, आणि तो कुठवर चालतो?

सोलापुरात घरं हलतात ती बहुतेक एप्रिल-मेमध्ये. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, जूनच्या आत नवी शाळा, नवा रिक्षावाला ठरवायचा असतो. म्हणजे वर्षातलं सगळ्यांत जड काम आपण वर्षातल्या सगळ्यांत वाईट उन्हात काढतो. पारा चाळिशीच्या वर, गच्चीवरून उतरणारी झळ, टेम्पोच्या हौद्याचा पत्रा हात लावू देत नाही. काम करणारे सहाला येतो म्हणतात आणि खरंच सहाला येतात. आपण मालक मंडळी चहा, देवपूजा आणि राहिलेल्या डब्यांच्या बांधाबांधीत नऊ वाजवतो.

सामान बांधणं ही एक विद्या आहे, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. कपाट उचलण्याआधी रिकामं करायचं, फळ्या काढून वेगळ्या बांधायच्या, खण बाहेर काढून त्यांची जागा खडूने लिहून ठेवायची. दारं उघडू नयेत म्हणून दोरी बांधायची, पण दोरी आणि लाकूड यांच्यामध्ये कापडाची घडी हवी, नाहीतर पॉलिशवर दोरीचा कायमचा वण उठतो. आरसा किंवा काच आडवी न्यायची नाही, उभीच न्यायची. आडव्या काचेला स्वतःचंच वजन आणि रस्त्यातला खड्डा मिळून पुरेसे होतात. फ्रिज उभाच न्यायचा, आणि नेल्यावर लगेच चालू करायचा नाही. पलंगाचे नट-बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच पायाला बांधायची. टेम्पोत जड सामान पुढे केबिनकडे, हलकं मागे, आणि दोन वस्तूंच्या मधे काहीतरी मऊ. हे ‘काहीतरी मऊ’ सोलापुरात शोधावं लागत नाही. प्रत्येक घरात विटलेल्या, कडा उसवलेल्या चार-सहा सोलापुरी चादरी निघतात. भौगोलिक मानांकन मिळालेलं हे कापड शेवटी कपाटाच्या कोपऱ्यांना गुंडाळलं जातं आणि ते काम ते बाजारातल्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकपेक्षा चांगलं करतं. जाड असतं, सरकत नाही, आणि परत धुऊन वापरता येतं.

या सगळ्या सूचना मी ज्या कागदावर पाहिल्या, त्यावर सामानाची यादीही होती. प्रत्येक वस्तूपुढे तिची अवस्था लिहायला रकाना: ओरखडा, पोचा, तडा. पुढे वस्तूची किंमत लिहायची, त्या किमतीवर वाहतुकीचा विमा. कागद नीट केलेला होता. त्यात उचलणाऱ्या माणसांसाठी एकही रकाना नव्हता. ‘सुरक्षित स्थलांतर’ या शब्दांमधली सुरक्षितता कुणाची, हे कागदाने न बोलता ठरवून टाकलं होतं.

भाषाही तसंच ठरवते. जिन्यात कपाट वळायला लागलं की खालून, वरून, दारातून, शेजाऱ्यांच्या खिडकीतून एकच शब्द येतो: ‘जपून!’ या शब्दाला कर्म नाही. काय जपून, कुणाला जपून, हे तो सांगत नाही. मी त्या दिवशी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं. ‘जपून’च्या मागोमाग बहुतेक वेळा दुसरा शब्द येतो तो ‘आरसा’, ‘कोपरा’, ‘भिंतीचा रंग’ असा असतो. ‘पाय’ असं म्हणणारा माणूस एकच होता, आणि तो वरचा कोपरा धरून उलटा चालत होता.

ओझ्याला मर्यादा असावी ही कल्पना जुनी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली याबद्दल करार केला. ज्या वजनामुळे कामगाराच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका होईल असं वजन त्याला उचलायला लावू नये, असं तो म्हणतो. आणि त्याच वर्षीच्या सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोचा आकडा आहे. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा आला. ‘माथाडी’ या शब्दातच माथा आहे. ज्याच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पोतं, तो माथाडी. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात हमाल पंचायतीच्या मार्फत बाबा आढावांनी जी माणसं संघटित केली, त्यांना तोवर कुणी कामगारच म्हणत नव्हतं. त्यांचा मालक कोण, हेच सांगता येत नव्हतं. आज या अडत्याचं पोतं, उद्या त्या व्यापाऱ्याचं. कायद्याने यावर एक सोपी युक्ती काढली. मंडळं नेमली, काम देणारे आणि काम करणारे दोघांची नोंद केली, आणि मजुरीवर वेगळी आकारणी लावून त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान यांची सोय केली. पुढे शंभर किलोचं पोतं पन्नासवर यावं यासाठी हमालांना झगडावं लागलं.

पोत्याचं एक बरं असतं. शंभराची दोन पन्नासं करता येतात; आतल्या ज्वारीला त्याचं काही वाटत नाही. कपाटाचं तसं नाही. गोदरेजने 1923 मध्ये पोलादी कपाटं करायला घेतली आणि आपल्याकडे ‘गोदरेजचं कपाट’ ही कंपनीची नव्हे तर वस्तूची ओळख झाली. ते रिकामं असलं तरी दोघांना जड जातं, आणि अर्धं करता येत नाही. जुन्या सागवानी कपाटाची गोष्ट त्याहून अवघड. आमच्याकडचं कपाट माझ्या सासूबाईंचं. त्यांच्या लग्नात अक्कलकोटहून आलेलं, एका दाराला उभा आरसा, वर कोरीव महिरप. मुकादमाने त्याला एकदा खांदा लावून पाहिला आणि म्हणाला, दीड क्विंटलला कमी नाही. म्हणजे बाजार समितीत ज्यावरून भांडण झालं असतं ते वजन, आणि न्यायचं तिसऱ्या मजल्यावर, कारण लिफ्टच्या दारातून ते जात नव्हतं. व्यापाऱ्याच्या पोत्याला मर्यादा घालता आली. जिव्हाळ्याच्या वस्तूला ती कुणी घातलेली नाही.

यावर पहिलं उत्तर तयार असतं: पैसे दिले ना. हे उत्तर मी हलक्यात घेत नाही. मजुरीमुळेच हे काम वेठबिगारीपासून वेगळं होतं. एके काळी गावगाड्यात ओझं वाहणं हे जातीने ठरायचं आणि मोबदला मर्जीवर असायचा. त्या तुलनेत आधी ठरवलेला दर आणि संध्याकाळी हातात पडलेल्या नोटा ही मोठी गोष्ट आहे. कांटने 1785 मध्ये माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका असं म्हटलं, त्यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. आपण रोज एकमेकांना साधन म्हणून वापरतोच, दूधवाल्यालाही आणि डॉक्टरलाही. प्रश्न त्या ‘केवळ’चा आहे. आणि मजुरी देऊन तो ‘केवळ’ पुसला जातो का? मजुरी त्या दिवसाच्या उचलण्याची असते. मणक्याचं दुखणं दहा वर्षांनी येतं, तेव्हा ते कोणत्या कपाटाचं, हे कुणालाच सांगता येत नाही. शंभर घरांचं थोडं थोडं देणं एका पाठीत साठतं आणि शंभरातला प्रत्येकजण म्हणू शकतो की माझा हिशेब चुकता आहे. प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं, आणि तरी देणं उरतं.

शिवाय दर ठरतो तो अर्धवट माहितीवर. ‘किती सामान आहे?’ या प्रश्नाला फोनवर आपण म्हणतो, ‘विशेष काही नाही, टू बीएचके.’ कपाट सागवानी आहे, जिना अरुंद आहे, लिफ्ट लहान आहे, हे सकाळी कळतं. तोवर टेम्पो दारात उभा असतो आणि माणसं घाम गाळायला सुरुवात करून बसलेली असतात. अशा वेळी ‘नाही’ म्हणणं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडणं. त्याला होकार म्हणायचा की अडचण, हे ठरवणं सोपं नाही.

दुसरं उत्तर बरोबर उलट्या बाजूने येतं: टाकून द्या ते कपाट. कशाला हवीत इतकी ओझी? हे आपल्या मातीतलंच उत्तर आहे. सोलापुरातल्या जैन घरांत अपरिग्रह हा शब्द मुलांना लहानपणीच कळतो. आजकाल तोच विचार घर आवरण्याच्या नव्या पुस्तकांतून परदेशी कपडे घालून येतो. पण टाकायचं म्हणजे काय करायचं? जुन्या बाजारात द्यायचं, तरी ते जिन्यातून कुणीतरी उतरवणारच. त्याच्या जागी भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं कपाट आणायचं, तर तेही कुणीतरी चढवणारच. आणि ते एकदा खोलून जोडलं की त्याचे स्क्रू पहिल्यासारखे धरत नाहीत. पुढच्या घरबदलीत ते कचऱ्यात जातं आणि तिसरं येतं. सागवानी कपाट साठ वर्षांत दोनदा हललं. ओझी मोजायचीच तर हाही हिशेब मांडायला हवा.

त्याहून मोठी हरकत वेगळी आहे. वस्तूंचा मोह सोडा हे सांगणारा बहुधा असा असतो, ज्याला सोडलेली वस्तू पुन्हा घेता येते. सासूबाईंच्या पिढीतल्या बाईच्या नावावर घर नव्हतं, शेत नव्हतं, बँकेचं पुस्तकही नव्हतं. माहेरहून आलेलं कपाट आणि त्याची किल्ली, एवढंच हक्काचं. त्या कपाटाला मोह म्हणून निकालात काढायचं, तर आधी तिच्यासमोर बसून सांगावं लागेल. मला ते जमणार नाही, आणि जमू नये असंही वाटतं.

सोलापूरच्या पूर्वेला कुंभारीजवळ रे नगर उभं राहिलं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, अशा असंघटित कामगारांसाठी नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने उभारलेली 30,000 घरांची ही वसाहत. त्यातल्या पहिल्या 15,000 घरांचा ताबा 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. त्याआधी त्याच परिसरात विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत झाली होती. भाड्याच्या एका खोलीतून स्वतःच्या घरात जाताना माणूस काय नेतो? पत्र्याची पेटी, गॅस, भांडी, अंथरुणं, देव, आणि विड्या वळायचं सूप. घर हाच तिचा कारखाना असल्यामुळे ते सूप फर्निचरपेक्षा महत्त्वाचं. तिथं वाहणारा आणि मालक एकच असतो. नवरा, दीर, शेजारची पोरं, एका छोट्या हत्तीत दोन घरांचं सामान. विंचवाची म्हण तिथं खरी ठरते. अशा घराला ‘कमी वस्तूंत जगा’ हा उपदेश करायला कुणी धजणार नाही, कारण ती माणसं जन्मभर तेच करत आली. म्हणजे हा उपदेश फक्त माझ्यासारख्यांसाठी उरतो, आणि माझ्यासारख्यांनाही तो बाईच्या कपाटापाशी येऊन अडखळतो.

धरणाच्या पाण्याने उठलेल्या माणसांची आठवण इथं टाळता येत नाही. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि मागच्या पाण्यात गावंच्या गावं गेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या वाड्यांची, देवळांची दगडी अंगं वर दिसतात. लाकडी अंगं मात्र फारशी दिसत नाहीत, कारण उठताना माणसं तुळया, खांब, दाराच्या चौकटी काढून सोबत घेऊन गेली. घर नेता येत नव्हतं, तर घराचा जो भाग उचलता येत होता तो त्यांनी उचलला. त्याला कुणी मोह म्हणालं नसावं.

मग तिसरं उत्तर सुचतं, आणि ते मनाला सगळ्यांत बरं वाटतं: आपणही हात लावावा. ज्याचं ओझं त्याने निदान एक कोपरा धरावा. सोलापूरच्या माणसाला हे उत्तर जवळचं वाटण्याचं कारण आहे. सिद्धरामेश्वरांच्या या गावाने शरणांची ‘कायक’ ही कल्पना ऐकलेली आहे. श्रम हीच उपासना, कोणतंच काम हलकं नाही, आणि कुणालाच त्यातून सूट नाही. सिद्धरामांनी इथं तळं खोदवलं. अल्लमप्रभू सोन्नलगीला आले तेव्हा दगडमातीच्या कामात गुंतलेल्या सिद्धरामांना त्यांनी वडार म्हणून डिवचलं, अशी कथा आहे. कथेत अल्लमांचा रोख श्रमावर नाही, बांधलेल्या गोष्टीवर जीव जडण्यावर आहे. मला ती कथा दोन्ही बाजूंनी खरी वाटते. दगड उचलणं पवित्र असू शकतं आणि त्याच दगडात माणूस अडकूही शकतो.

पण आमच्या जिन्यात हे तिसरं उत्तर मुकादमानेच फेटाळलं. माझा नवरा बाह्या सरसावून पुढे झाला तसा तो म्हणाला, ‘सर, तुम्ही बाजूला ऱ्हावा. तुम्ही सोडलं तर आमचं पोरगं खाली हाय.’ बोलणं थोडं उद्धट वाटलं, पण त्यात अचूक ज्ञान होतं. चार माणसं एक वजन उचलतात तेव्हा ती एकमेकांचा श्वास ओळखतात. कोण कधी दम घेणार, कोण कुठल्या पायरीवर पाय बदलणार, हे ठरलेलं असतं. जिन्यात वजन खालच्या माणसावर येतं, म्हणून खाली सगळ्यांत ताकदीचा. त्यात एक हौशी हात घुसला की तो मदत करत नाही, साखळीतली कच्ची कडी होतो. सहभागाचं समाधान मला मिळालं असतं आणि धोका त्याला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडलं. महिरप छताला टेकली. थोडं तिरकं केलं तर जाईल असं खालून दिसत होतं, आणि तसं दोघा-तिघांनी सांगितलंही. मुकादमाने एक पायरी उतरून कोन पाहिला आणि कपाट टेकवायला सांगितलं. ‘ताई, कपाट जातंय ओ. पण तिरकं केलं की सगळं वजन एकट्या खालच्यावर येतंय. मी नाही नेणार.’ सासूबाई कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनीच विचारलं, ‘मग काय करायचं?’ तो म्हणाला, ‘सुतार बोलवा, वरचं उतरवा. दोन दिवसांनी येतो.’ कपाट परत खाली गेलं, दोन दिवस पार्किंगमध्ये चादरींत उभं राहिलं. सुताराने सांगितलं की महिरप जुन्या सरसाने बसवलेली आहे, निघेल, पण सांध्यावर खूण राहील. सासूबाई म्हणाल्या, ‘राहू दे.’ ती खूण आज बोटाला लागते.

या प्रश्नाचं जे काही उत्तर मला सापडलं ते त्या ‘मी नाही नेणार’पाशी. मजुरीने हक्क मिळतो, पण अर्धा. वस्तू सोडून प्रश्न सुटत नाही, तो दुसऱ्या जिन्यात जातो. स्वतः हात लावणं बहुतेक वेळा देखावा ठरतं. उरतं ते हे की माझ्या मायेचं ओझं दुसऱ्यावर टाकायचा मला तेवढाच अधिकार आहे, जेवढा त्याला ते खाली ठेवायचा आहे. तो ‘थांबा’ म्हणाला की थांबायचं, आणि थांबल्याचा खर्च त्याने नव्हे तर मी सोसायचा. दोन दिवस उशीर, सुताराचे पैसे, टेम्पोची दुसरी फेरी, लाकडावरची खूण. वस्तू इतकी प्रिय आहे ना, मग तिच्यासाठी खर्चही माझ्याच बाजूचा व्हायला हवा. तसा झाला नाही, तर तिच्यावरची माझी माया दुसऱ्याच्या जिवावर केलेली उधारी आहे.

हा अधिकार आयत्या वेळी जिन्यात जन्माला येत नाही, आधीपासून तयार करावा लागतो. फोनवर सामान सांगतानाच कपाटाचं लाकूड, जिन्याची रुंदी, लिफ्टच्या दाराचं माप सांगायचं. वजन लपवणं म्हणजे दर लपवणं. काम उन्हाच्या आधी सुरू होईल अशी आपली बांधाबांध आदल्या रात्रीच संपवायची. ओरखडा पडला तर तो मजुरीतून कापायचा नाही, हे ठरवतानाच बोलून टाकायचं. अनेक ठिकाणी तो कापला जातो, असं त्या पोरांनी मला सहज, तक्रार न करता सांगितलं. ओरखड्याची भीती असलेला माणूस पाय सोडून कोपऱ्याकडे बघतो, आणि जिन्यात पाय बघणं महत्त्वाचं असतं. आणि ठरल्या दरात ‘नाही’ म्हणण्याचे पैसेही धरायचे: एखादी वस्तू नेता आली नाही तरी दिवस पूर्ण भरायचा.

यातलं काहीच मोठं नाही. वजनाचा कायदा पोत्यापर्यंत पोचायला कित्येक वर्षांची चळवळ लागली; घराच्या जिन्यापर्यंत तो कधी येईल सांगता येत नाही. तोवर त्या जिन्यात कायद्याच्या जागी मालकाची समजच असते. ‘जपून’ म्हणणं सोडायची गरज नाही. त्याच्या मागोमाग कोणता शब्द येतो, तेवढं ऐकत राहायला हवं.